हिरव्यातलं एक उघडं झाड

निष्पर्ण झाडांचे फोटो म्हटलं की जी चित्रं आठवतात ती बहुतेक थंड देशांतली असतात. नोव्हेंबरची अखेर, थंडीने आणि आखडत गेलेल्या दिवसाने रानच्या रान उघडं पडलेलं, पायाखाली ओल्या पानांचा थर, वर राखाडी आभाळ. तिथल्या छायाचित्रकारापुढे प्रश्न असतो तो निवडीचा. सगळीच झाडं उघडी, मग फ्रेममध्ये घ्यायचं कुठलं आणि टाळायचं कुठलं?

आमच्या देवगडच्या बाजूला हा प्रश्नच येत नाही. इथे नोव्हेंबरात भात कापून झालेलं असतं, सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावरचं, गवत पिवळं पडून आडवं व्हायला लागतं, पण झाडं आपली हिरवीगार. आंबा, फणस, काजू, रातांबा, उंडी, सुरंगी, माड, पोफळ यांतल्या कुणालाच पानं टाकायची घाई नाही. जुनी पानं गळतात, नवी येतात, मधे उघडं राहण्याचा प्रसंग येत नाही. आणि या हिरव्या गर्दीत कुठेतरी एखादी सावर किंवा शेमटाचं झाड सगळं उतरवून उभं असतं. रस्त्यावरून जाताना ते लगेच दिसतं. गाडी थांबवून फोटो काढावा, तर फोटोत ते सापडत नाही! मागच्या आंब्याच्या पानांत त्याच्या फांद्या विरघळून गेलेल्या असतात. डोळा आपल्याला हवं तेवढंच बघतो. कॅमेरा जे जे समोर आहे ते सगळं एकाच इमानदारीने टिपतो. म्हणून कोकणात उघड्या झाडाचा फोटो म्हणजे आधी मागच्या हिरव्याचा बंदोबस्त, मग झाड.

इथली पानगळ थंडीची नाही, तहानेची आहे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. जांभा सच्छिद्र दगड, पाणी धरून ठेवत नाही. पानांवाटे पाणी उडत राहणार आणि मुळाशी ते मिळणार नाही, अशा वेळी झाड देठाच्या बुडाशी बुचासारख्या पेशींचा थर धरतं आणि पान सोडून देतं. शरद संपता संपता शेमट, सावर आणि देवळाच्या आवारातला खुरचाफा उघडे होऊ लागतात. साग, ऐन, किंजळ, नाणा यांचा नंबर पुढे पौष-माघात. कुंभ्याची पानं गळण्याआधी लाल होतात, शिवण आणि पांगारा उघडे होतात ते फाल्गुनाच्या तोंडाशी. पण हे वेळापत्रक एका ओळीत चालत नाही. सड्यावरचा ऐन पार खराटा झालेला असतो त्याच दिवशी खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचा ऐन अर्ध्याहून जास्त पानांत असतो, कारण त्याच्या मुळांना अजून ओल मिळते. मी त्यामुळे आधी सडे फिरतो, व्हाळ नंतर. ज्यांना ‘बाहेरचे’ फोटो बघून नोव्हेंबरातच पानगळ हवी असते त्यांनी महिनाभर कळ काढावी, इतकंच.

सड्यावर उभं राहिलं की हिरव्याचा प्रश्न निम्मा सुटतो. तिथे झाडं विरळ, बुटकी, आणि मागे आभाळ. उरलेला निम्मा प्रश्न गुडघ्यांनी सोडवायचा. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. कॅमेरा डोळ्याशी धरून उभे राहिलात तर समोरच्या झाडाचा जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचा भाग मागच्या करवंदीच्या जाळ्यांत, दूरच्या आंब्याच्या कलमांत, कुणाच्या तरी दगडी गडग्यात अडकतो. बसलात, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणलात, की गुडघ्यावरचं सगळं झाड आभाळात मोकळं होतं. हे इतकं साधं आहे की कुणी सांगत नाही. समुद्राचंही तसंच. कड्याच्या टोकावर उभं राहून खालच्या अंगाच्या सावरीचा फोटो काढला की समुद्राची रेघ तिच्या माथ्यातून आरपार जाते आणि झाड मधोमध कापल्यासारखं दिसतं. पाऊलवाटेने उतरत गेलं की ती रेघ फांद्यांतून खोडावर, खोडावरून बुंध्याशी उतरते. मला ती खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात आवडते, जिथे अजून फांद्या फुटलेल्या नसतात. तिथे तिने कापलं तरी झाडाचं काही बिघडत नाही.

यानंतर बाजूला सरकणं. उघड्या झाडाच्या फांद्या एकमेकींवर चढल्या की फोटोत त्यांची गाठ होते. एक पाऊल डावीकडे गेलं की दोन फांद्या सुटतात, पण तिसरी मागच्या विजेच्या खांबावर जाऊन बसते. मग उजवीकडे. लोक याला रचना म्हणतात. बाजूने बघणाऱ्याला तो माणूस कातळावर हरवलेली किल्ली शोधतोय असं वाटतं.

देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा इथे झाडांना उभं राहू देत नाही. शिवाय तो खारा. समुद्राकडच्या बाजूला आलेले कोंब त्याने करपतात, आडोशाकडचे जगतात, आणि वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाढत गेल्याने सगळा माथा पूर्वेकडे, डोंगराकडे ओणवा होतो. पानं असताना हे झुकणं नुसतं एका कुशीवर पडलेल्या झुडपासारखं दिसतं. पानं गेली की कळतं, प्रत्येक फांदीने वाऱ्याशी वेगळा सौदा केलाय. एखादी सरळ पूर्वेला निघून गेलेली, एखादी आधी पश्चिमेला जायला बघून मग वळलेली.

अशा झाडाला फ्रेममध्ये जागा कुठल्या बाजूला सोडायची, यावर माझं मत ठाम आहे. शिकवतात असं की झाड ज्या दिशेला झुकलंय त्या बाजूला मोकळं सोडा, नजरेला जायला वाट मिळते. मी उलट करतो. समुद्राकडची बाजू रिकामी ठेवतो. तिथून वारा येतो, तिथे काहीच उगवू शकलं नाही, आणि झाडाच्या आकाराचं कारण त्या रिकामपणात आहे. झुकल्या बाजूच्या टोकाला फ्रेमची कड थोडी जवळ आली तरी चालते. चिकटली मात्र नको. फांदीचं टोक कडेला टेकलं की नजर तिथून फोटोबाहेर जाते ती परत येत नाही.

वाऱ्यापेक्षा जास्त झाडं कोकणात कोयतीने घडवलीत, हे मला बऱ्याच उशिरा दिसायला लागलं. डोंगरउतारावरचे ऐन आणि किंजळ बघा. सरळ वर जायचं सोडून खोडाला ठिकठिकाणी मुठीएवढ्या गाठी, आणि प्रत्येक गाठीतून बारीक काटक्यांचा झुबका. ही कवळतोडणीची खूण. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पेरायच्या आधी त्या जमिनीची भाजावळ करायची, उत्तर कोकणात राब म्हणतात ते. त्यासाठी हिवाळ्यात झाडावर चढून पानांसकट फांद्या, म्हणजे कवळ, तोडायच्या, त्यांचे भारे सुकवायचे, मग शेण, कवळ, वाळक्या पानांचा पातेरा, वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात पेटवायचं. तणाचं बी जळतं, राख जमिनीला मिळते, रोप जोमाने येतं. झाडाच्या बाजूने बघाल तर पानं गळायच्या आधीच कुणीतरी येऊन ती घेऊन जातं, आणि पुढच्या पावसात तोडलेल्या जागी चार-सहा धुमारे एकदम फुटतात. तेच पुन्हा वर्षा-दोन वर्षांनी तोडले की गाठ मोठी होते.

आता ही तोडणी कमी होत चाललीय. शेतं पडीक, माणसं मुंबईत. गाठींवरचे झुबके मात्र लांब लांब वाढत सुटलेत, त्यांना छाटायला कुणी येत नाही.

हेच ऐन देवराईत बघितले तर ओळखू येणार नाहीत. देवाच्या भीतीने तिथे कोयती चालत नाही, त्यामुळे सोट सरळ, पहिली फांदीच दोन माणसं उंचीवर. सुंदरच असतात. पण फोटोला ते माझ्याच्याने होत नाही, खरं सांगायचं तर. आजूबाजूचं रान सदाहरित आणि दाट, मागे आभाळाचा रुपयाएवढा तुकडाही मिळत नाही. शिवाय मला ते जरा अतिच निर्दोष वाटतात. उतारावरच्या गाठाळ ऐनासमोर बसलं की प्रत्येक गाठीची वेगळी फ्रेम होते. तिथे पूर्ण झाड घ्यायचा हट्ट मी सोडला आहे. दोन-तीन गाठी, त्यांतून निघालेल्या काटक्या, आणि साल. ऐनाची साल चौकोनी चौकोनी भेगाळलेली असते, सकाळी आडव्या उजेडात तिच्या प्रत्येक भेगेत सावली भरते. दहा वाजले की उजेड वर चढतो आणि ती साल सपाट होऊन जाते.

खुरचाफ्याचं आणखी निराळं. त्याच्या फांदीच्या टोकाला फुलांचा तुरा येतो, तुरा आला की ती फांदी तिथेच थांबते आणि खालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात. त्या टोकाला पुन्हा तुरा, पुन्हा फाटे. म्हणजे उघड्या चाफ्याचा प्रत्येक फाटा हा एकेका बहराचा हिशेब आहे. बुंध्यापासून टोकापर्यंत फाटे मोजत जावं. देवळाच्या आवारात चाफा असतो तेव्हा मागे चुन्याची पांढरी भिंत किंवा दीपमाळ मिळते, आणि भिंत ही आभाळाइतकीच चांगली पार्श्वभूमी, शिवाय उन्हात तिच्यावर सावली पडते ती फुकट. फक्त अलीकडे भिंतींना जे झगझगीत पोपटी आणि गुलाबी ऑइल पेंट लागतायत त्यांचं काय करायचं, ते देवच जाणे.

उजेडाबद्दल एवढं बोलतो. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो म्हणून सगळे संध्याकाळी किनाऱ्यावर जमतात आणि माडाच्या काळ्या आकृत्या काढतात. उघड्या झाडालाही काळी आकृती शोभते, पण ती जमवायला जरा भूगोल लागतो. डिसेंबरअखेर सूर्य आपल्याकडे नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, सुमारे 25 अंश दक्षिणेला सरकलेला असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण 10 अंश झाकते, म्हणजे अडीच मुठी. त्या दिवसांत तो रोज जवळजवळ एकाच जागी बुडतो. मग हळूहळू उत्तरेकडे सरकत 21 मार्चच्या सुमाराला बरोबर पश्चिमेला येतो, आणि तेव्हा रोज जवळपास स्वतःच्या बिंबाएवढं अंतर तोडतो. एखादं झाड आणि सूर्य एका रेषेत आणायचे तर डिसेंबरात आठवडाभर सवड असते, मार्चमध्ये एक दिवस चुकला की उभं राहायची जागा बदलावी लागते.

बिंबाचा आकारही फसवतो. आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश रुंद. 50 मिमीच्या लेन्सने काढला तर सेन्सरवर अर्धा मिलिमीटर, म्हणजे टिकलीसुद्धा नाही. झाडाच्या मागे भलाथोरला सूर्य दिसणारे जे फोटो असतात, ते झाडापासून लांब जाऊन, मोठ्या टेलिफोटोने काढलेले असतात. पाच मीटर पसरलेला माथा बिंबाएवढा दिसायला साडेपाचशे मीटर मागे जावं लागतं. सड्यावर तेवढी मोकळी जागा असते, हे सड्याचं मोठं देणं. पण ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून टेलिफोटोतून सूर्याकडे बघू नका, स्क्रीनवर बघा. डोळे एकदाच मिळतात.

मला स्वतःला सूर्य बुडाल्यानंतरची वीस-बावीस मिनिटं जास्त प्रिय. आभाळ अजून उजळ असतं, झाड पूर्ण काळं झालेलं असतं, बारीकात बारीक काटकी स्पष्ट दिसते. उजेड आभाळावर मोजायचा, झाडावर नाही. मोबाइलवाल्यांनी आभाळावर बोट टेकवून उजेड खाली ओढायचा, नाहीतर फोन आपल्या हुशारीने काळोखातल्या खोडाला उजळवत बसतो आणि पाठचं आभाळ फिकट करून टाकतो. दुपारच्या पांढऱ्या आभाळावर काटक्या काढू नयेत. त्यांच्या कडांना जांभळी झालर येते, ती नंतर काढता येते, पण कंटाळा येतो.

हिरव्याचा सगळ्यात चोख बंदोबस्त धुकं करतं. पौषात वाघोटनच्या खाडीकडच्या अंगाला पहाटे धुकं भरतं तेव्हा पन्नास पावलांपलीकडचं काहीच उरत नाही. मागची कलमं, घरं, खांब, तारा सगळं गायब, पुढे एकटी सावर. जमिनीकडून येणारा मतलई वारा तोवर मंद झालेला असतो, काटकी हलत नाही. अशा वेळी मला बसावं, उठावं, सरकावं लागत नाही. अट एकच, झाडाच्या जवळ जायचं, कारण धुकं अंतराच्या हिशेबाने पुसतं. लांबून टेलिफोटोने काढायला गेलं की झाडही पुसलं जातं.

अशाच एका पहाटे शेजारच्या बागेतले तात्या हातात बॅटरी घेऊन बांधावर आले. मी धुक्याची तारीफ करणार तेवढ्यात ते म्हणाले, “ह्या धुक्यान मोहोराचा वाटोळा केल्यान.” खरंच होतं ते. ओल धरून बसलेला मोहोर म्हणजे भुरी रोगाला आमंत्रण, मागोमाग तुडतुडे आणि फवारणीचा खर्च. एकाच धुक्याकडे बघून आम्ही दोघं दोन टोकांना उभे होतो, आणि त्यांच्या बाजूला पैसे जात होते. मी कॅमेरा जरा खाली घेतला. त्यांनी झाडाकडे बघितलं.

“काय रे झिला, सुक्या झाडाचो फोटो काढून काय करतलंस?”

“सुकलेलं नाही तात्या, सावर आहे. महिन्याभरात फुलेल.”

“सावर ती माका ठावक आसा. फुलली म्हणान काय पेटी भरतली?”

पेटी भरत नाही, हे मान्य. पण सावर फुलते तेव्हा पानांचा अडथळा नसल्याने लाल फुलं लांबून दिसतात, आणि साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पाहुण्या आलेल्या भोरड्या यांची त्या झाडावर दिवसभर झुंबड असते. उघडं होण्याचा तिला तो फायदा. छायाचित्रकाराला मात्र तोटा. फुलं आली की फांद्यांकडे कुणी बघत नाही, मीसुद्धा.

प्रत्येक झाडाला आभाळ लागतंच असं नाही, हे नाण्याने शिकवलं. नाण्याची साल फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. ते आभाळावर धरलं की मळकट दिसतं, आणि मागे सावलीतलं गर्द रान असेल तर उन्हातलं ते खोड एकदम पुढे येतं. इथे हिरव्याशी भांडायचं नाही, त्याला काळोखात ढकलायचं. उलट राखाडी शेमट गर्द हिरव्यापुढे मार खातं. त्याला कृष्णधवल करताना हिरव्या रंगाची पातळी वर नेली की मागची पानं फिकी होतात आणि काटक्या गडद राहतात. इन्फ्रारेड कॅमेरा असेल तर आणखी पुढची मजा, कारण जिवंत पानं ते किरण जोरात परतवतात आणि फोटोत पांढरीशुभ्र उमटतात. सदाहरित कोकण त्या फोटोत बर्फाने भरल्यासारखं दिसतं. एक-दोनदा गंमत म्हणून ठीक आहे. पुन्हा पुन्हा केलं तर आपण इथे का राहतो असा प्रश्न पडतो.

तात्यांनी पुढे फर्माईश केली. “माझ्या कलमाचो काढ मरे एक. पेटयेर लावूक व्हयो.” नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण आंब्याचं कलम म्हणजे माझ्या सगळ्या युक्त्यांचा शेवट. ना खोड दिसतं, ना फांदी. नुसता गर्द घुमट, त्याच्या मागे दुसरा घुमट, त्याच्या मागे तिसरा. बसून बघितलं, चिऱ्याच्या गडग्यावर चढून बघितलं, संध्याकाळचा उजेड घेऊन बघितलं. शेवटी उन्हाला कंटाळून त्याच कलमाच्या खाली, बुंध्याला टेकून बसलो आणि वर पाहिलं, तर आत सगळं उघडं! आंब्याची पानं बाहेरच्या कवचाला. आत उजेड पोचत नाही, म्हणून तिथली पानं केव्हाच गळून गेलेली. जाडजूड फांद्या नागमोडी वर चाललेल्या, आणि पार वरती हिरव्याचं छत, त्याला बारीक बारीक भोकं. मी जमिनीवर पाठ टेकून वाइड लेन्सने तो फोटो काढला आणि फार खूश होऊन तात्यांना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून, फोन लांब धरून, जवळ धरून बघितला. “बरो आसा,” म्हणाले. “पण ह्यात आंबो खंय?”

त्या वर्षी पेटीवर दोन आंबे आणि एक पान, असा पुतण्याने मोबाइलवर काढलेला फोटो छापला.